पदर, पिन आणि कुलूप

पत्राचा गोषवारा (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत): गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या एका मराठी प्राथमिक शाळेत शिकवणाऱ्या ४७ वर्षांच्या मुस्लिम आईचं हे पत्र. मुलगी २१ वर्षांची, बी. फार्मच्या शेवटच्या वर्षाला. आठ महिन्यांपूर्वी एका सोमवारी ती ‘बुरखा घालून’ कॉलेजला निघाली. घरात तिला कोणी सांगितलं नव्हतं. आई आणि आजोळचे विरोधात, आत्या खूश, वडील गप्प. मुलीने कॉलेजची व्हॉलीबॉलची टीम सोडली. स्टाफरूममध्ये ‘तुमच्याकडेही सुरू झालं वाटतं’ असं आईला ऐकावं लागतं. एकदा रागाच्या भरात आईने मुलीचे स्कार्फ कपाटात घालून कुलूप लावलं, आणि शाळेच्या स्नेहसंमेलनाला ‘ते काढणार असशील तरच ये’ म्हणून सांगितलं. मुलगी आली नाही. आता बेळगावकडचं एक स्थळ आलंय. लग्नानंतर ते लोक तोंडही झाकायला लावतील अशी कुणकुण आहे. आईचे प्रश्न तीन: हिच्या डोक्यात हे कोणी भरवलं? अशाने हिला औषध कंपनीत नोकरी मिळेल का? आणि मी हे थांबवायचं की सोसायचं?

ताई,

तुमच्या पत्रात ‘बुरखा’ हा शब्द नऊ वेळा आलाय. आणि दुसऱ्या पानावर मुलगी कशी दिसते ते तुम्हीच लिहिलंय: सलवार-कमीज, मनगटापर्यंत बाह्या, डोक्याला राखाडी सुती स्कार्फ, हनुवटीखाली एक पिन. याला बुरखा म्हणत नाहीत. केस, कान, मान झाकून चेहरा मोकळा ठेवतो तो हिजाब. मुली नुसतं ‘स्कार्फ’ म्हणतात. डोळे सोडून चेहरा झाकतो तो नकाब. खांद्यापासून घोट्यापर्यंतचा सैल झगा तो अबाया. त्यावर नकाब चढला की आपण त्या सगळ्यालाच बुरखा म्हणून मोकळे होतो. वर्गात एखाद्या पोराने आदोळीला (विळीला) कोयती म्हटलं तर तुम्ही तिथल्या तिथे सुधारता. इथेही सुधारा.

शब्दांचा कीस पाडायची मला हौस नाही. पण तुमची झोप उडवणाऱ्या बहुतेक प्रश्नांची उत्तरं चेहरा उघडा की झाकलेला यावरच ठरतात. ओळखपत्र, परीक्षा, मुलाखत, औषधांचा कारखाना, सगळीकडे हेच. चेहरा उघडा असला की अडचण कापडाची आणि पिनेची उरते. झाकलेला असला की दर ठिकाणी नव्याने बोलणी करावी लागतात. मुलगी तुमची पहिल्या गटात आहे आणि भीती तुम्ही दुसऱ्या गटाची बाळगून आहात.

‘आमच्या गोव्यातल्या मुसलमानांत हे कधी नव्हतं,’ असं तुम्ही लिहिता, आणि चार ओळींनंतर सासूबाईंबद्दल सांगता की त्यांच्या डोक्यावरचा पदर शेवटपर्यंत ढळला नाही. म्हणजे डोकं झाकणं होतंच. आजूबाजूलाही होतं. चर्चला जाताना पांढरी ओल (चादरीसारखं वस्त्र) अंगाभोवती घेणाऱ्या जुन्या ख्रिस्ती बाया तुमच्या आईच्या पिढीने पाहिल्या असतील. चर्चमध्ये बाईने डोकं झाकावं असा कॅथलिक धर्मसंहितेतच नियम होता, तो १९८३ च्या संहितेत राहिला नाही. बदललंय ते काय, हे मात्र नीट बघण्यासारखं आहे. सासूबाईंचा पदर सासरे, दीर, वडीलधारी यांच्यासाठी होता, म्हणजे घरातल्या मानाचा होता. मुलीचा स्कार्फ परक्यांसाठी आहे. घरात शिरल्याबरोबर ती तो काढून खुंटीला टांगते, असं तुम्हीच लिहिलंय. एक घरात चढायचा, दुसरा घरात उतरतो. तुम्हाला ते परकं वाटतं ते यामुळे, आणि ते वाटणं खोटं नाही. फक्त ‘आपल्यात नव्हतं’ हे कारण मुलीसमोर टिकणार नाही. ती आजीचा फोटो दाखवेल.

शालीनतेची व्याख्या आपल्या या चिमूटभर राज्यात किती वेळा बदलली, तेही आठवून बघा. १७३६ साली इन्क्विझिशनने, म्हणजे पोर्तुगीजांच्या धर्मन्यायालयाने, फर्मान काढून ख्रिस्ती झालेल्या गोंयकार पुरुषांना घरातसुद्धा पुडवें (धोतर) नेसायला आणि बायकांना चोळी घालायला मनाई केली होती. २०१४ साली आपल्याच एका मंत्र्यांना किनाऱ्यावरची बिकिनी बंद व्हायला हवी होती. इराणात तर एकाच घराने दोन्ही टोकं भोगली. १९३६ साली रझा शाहच्या पोलिसांनी रस्त्यात बायकांच्या डोक्यावरच्या चादरी ओढून काढल्या, आणि १९७९ च्या क्रांतीनंतर त्याच बायकांच्या नातींवर डोकं झाकायची सक्ती आली. आजी घराबाहेर पडेना कारण काढावं लागे. नात चिडली कारण घालावं लागे.

धर्माच्या अंगाने वाद घालू नका, असं मी सुचवेन. त्यात तुम्ही हराल म्हणून नव्हे. तो वाद संपतच नाही म्हणून. कुराणातल्या ‘नूर’ या चोविसाव्या सूरेत (अध्यायात) तिसावी आयत (वचन) आधी पुरुषांना नजर खाली ठेवायला सांगते, मग एकतिसावी बायकांना तेच सांगून ओढणी छातीवर घ्यायला सांगते. ‘अहजाब’ या तेहतिसाव्या सूरेतली एकोणसाठावी आयत बाहेर पडताना अंगावर चादर ओढून घेण्याबद्दल आहे. डोकं झाकावं असं सुन्नी पंथातल्या चारही विचारशाखांचे परंपरागत उलेमा (धर्मपंडित) मानतात. चेहऱ्याबद्दल मात्र त्यांच्यातच शतकानुशतकं मतभेद आहेत, आणि आजच्या काळातले काही अभ्यासक केसांबद्दलही वेगळा अर्थ लावतात. चेहऱ्याबद्दलचा हा तपशील लक्षात ठेवा, स्थळाच्या वेळी लागेल. आत्याने आयत ऐकवली तर तिसाव्यापासून वाचायला सांगा, एवढं पुरे.

आता तुमचा पहिला प्रश्न. ‘कोणी भरवलं?’ या प्रश्नात एक गृहीत धरलेलं आहे: एकवीस वर्षांची, चार वर्षं औषधशास्त्र शिकलेली मुलगी स्वतःहून असं काही ठरवूच शकत नाही. तिने जीन्स घालायला घेतली तेव्हा तुम्ही हा प्रश्न विचारला होता का? तेव्हाही कोणीतरी भरवलंच असणार, मैत्रिणींनी नाहीतर टीव्हीने. मुली स्कार्फ घेतात त्याला कारणं पुष्कळ. कोणाला खरोखर श्रद्धेने वाटतं, कोणाला बसमधल्या नजरांचा वीट आलेला असतो, कोणी मैत्रिणींचं बघून घेते, कोणी बातम्या बघून हट्टाने (‘आता तर घालणारच’). बऱ्याच जणींच्या बाबतीत यातली तीन-चार एकत्र असतात आणि त्यांनाही वेगळी काढून सांगता येत नाहीत. म्हणून ‘कोणी सांगितलं?’ ऐवजी ‘कधीपासून मनात होतं?’ असं विचारून बघा. पहिल्या प्रश्नाला माणूस नाव लपवतं, दुसऱ्याला गोष्ट सांगतं.

याचा अर्थ दबाव नसतोच असा नाही. असतो, आणि तो ओळखता येतो, पण कापडावरून नाही. तिच्या जुन्या मैत्रिणी, हिंदू, ख्रिस्ती, मुसलमान, घरी यायच्या थांबल्या का? फोन वाजला की ती दचकते का? पैसे कोणाला देते का? कोणी तिला फोटो काढून पाठवायला सांगतं का, ‘आज नीट घातलायस ना’ म्हणून? पूर्वी आवडणारी एखादी गोष्ट ती ‘आता मला नकोय’ म्हणते की ‘मला चालत नाही’ म्हणते? शेवटच्या दोन वाक्यांत फरक आहे. पहिल्यात ती बोलते आहे, दुसऱ्यात तिच्या तोंडून दुसरं कोणीतरी. आणि सगळ्यात कामाचा प्रश्न एकच: उद्या तू हा काढलास तर काय होईल? ‘काही नाही, पण मला काढायचा नाही’ असं उत्तर आलं तर तुम्ही निवांत राहा. ‘अमका बोलणं टाकेल’, ‘तमकीला कळलं तर संपलं’ असं आलं, तर काळजीचं कारण आहे, आणि ते कारण त्या अमक्यात आहे.

माझ्या लेखी निवड म्हणजे एवढंच. घातला म्हणून दंड नाही, काढला म्हणूनही दंड नाही. दोन्हीकडची दारं उघडी हवीत. आणि ताई, तुमच्या पत्रात या कपड्यावर दंड लावणारं माणूस आजघडीला एकच दिसतं. कपाटाला कुलूप त्याने लावलं. स्नेहसंमेलनाचं दार त्याने बंद केलं. आत्याने नुसतं कौतुक केलंय.

तुम्ही ते प्रेमापोटी केलंत हे मला कळतं. पण बाहेरचं कोणी तिच्यावर उद्या खरंच जोर करू लागलं, तर ती सांगायला कोणाकडे येईल? ‘मी आधीच सांगितलं होतं’ असं म्हणणाऱ्या आईकडे मुली येत नाहीत. आणि ज्या मुलीला घरच्यांच्या विरोधाला न जुमानता स्कार्फ बांधावा लागला, तिला पुढे कधी तो नकोसा झाला तरी काढणं जड जातं. तो काढणं म्हणजे आईसमोर हरणं होऊन बसतं. तुमचं कुलूप त्या पिनेला लागलंय.

तेव्हा या आठवड्यात कुलूप काढा. स्कार्फ तिच्या हातात द्या. पावसात कपाटात कुबट झाले असतील तर धुऊन, इस्त्री करून द्या. सोबत एकच वाक्य: ‘तुझी वस्तू मी ठेवून घ्यायला नको होती.’ त्याला ‘पण’ जोडू नका. त्या दिवशी नोकरी, लग्न, आत्या यातलं काही काढू नका. ती कदाचित काहीच बोलणार नाही. न बोलू द्या.

मग आठ-दहा दिवसांनी व्हॉलीबॉलचं विचारा. पत्रातली ही गोष्ट मला खरी खटकली, स्कार्फपेक्षा जास्त. कपडा बदलला याचं मला विशेष वाटत नाही. आवडता खेळ सुटला तर मी थांबून विचारते. आपणहून सोडला, कोणी बोललं म्हणून, की टीमचा युनिफॉर्म बिनबाह्यांचा आणि हाफ पँटचा आहे म्हणून? तिसरं कारण असेल तर ते सुटण्यासारखं आहे. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये इजिप्तची दोआ एलघोबाशी हिजाब आणि अंगभर कपड्यांत बीच व्हॉलीबॉल खेळली, तेही भर वाळूत. फुटबॉलच्या फिफाने २०१४ मध्ये आणि बास्केटबॉलच्या फीबाने २०१७ मध्ये डोकं झाकून खेळायला परवानगी दिली. खेळाचा हिजाब डोक्यातून ओढून चढवायचा असतो. त्याला पिन नसते आणि मोकळं टोकही नसतं. कापड पॉलिएस्टर-स्पँडेक्सचं, घाम बाहेर सोडणारं. खाली अंगाला चिकटून बसणारी पूर्ण बाह्यांची इनर आणि लेगिंग, वर टीमची जर्सी. क्रीडा शिक्षकांना भेटायला तिला एकटीला पाठवू नका. ‘जर्सीखाली त्याच रंगाची पूर्ण बाह्यांची इनर आणि डोक्याला बिनपिनेचा स्पोर्ट्स हिजाब चालेल का?’ असा नेमका प्रश्न विचारा. ‘हिजाबात खेळलेलं चालेल का?’ असं मोघम विचारलं की समोरच्याला टीव्हीवरचे वाद आठवतात.

नोकरी. इथे तुमची भीती अर्धी खरी आहे, म्हणून दोन भाग करते.

कारखान्याच्या आत अडचण जवळजवळ नाही. औषधनिर्मितीच्या नियमांतलं ‘शेड्यूल एम’ मुलीला पाठ असेल. उत्पादन विभागात जाणाऱ्या प्रत्येकाचे केस झाकलेलेच लागतात. दाढी असेल तर तीही झाकायची. निर्जंतुक विभागात तर डोळ्यांवर गॉगल, तोंडावर मास्क, डोक्यावरून मानेपर्यंत हूड, अंगावर एकसंध सूट. तिथे साहेबापासून हेल्परपर्यंत सगळेच बुरख्यात! तिचा घरचा स्कार्फ मात्र आत चालणार नाही, कारण बाहेरच्या कापडाचे तंतू आणि धूळ औषधात जाते. पिना तर मुळीच नाहीत. एक सुटी पिन गोळ्यांच्या मशीनमध्ये गेली तर अख्खी बॅच बाद होऊ शकते. म्हणजे बायकांच्या चेंजिंग रूममध्ये स्कार्फ उतरवायचा आणि कंपनीने दिलेला हूड चढवायचा. प्रयोगशाळेत काम असेल तर सुती स्कार्फ, टोकं ॲप्रनच्या आत खोचलेली. पॉलिएस्टर, जॉर्जेट, शिफॉन नको. बर्नरजवळ ते पेटण्याआधी वितळतं आणि कातडीला चिकटतं. स्टररसारख्या फिरत्या यंत्राजवळ लोंबतं टोक म्हणजे अपघाताला आमंत्रण, मग ते ओढणीचं असो नाहीतर कोणाच्या टायचं.

दुसरा भाग मुलाखतीचा. तिथे माणसं असतात आणि माणसांचे ग्रह असतात. सरकारी नोकरीत धर्मावरून भेदभाव करायला राज्यघटनेच्या सोळाव्या कलमाने बंदी आहे. खासगी कंपनीने मुलाखतीतच नाकारलं तर दाद मागायला तसा सरळ, एकच कायदा आपल्याकडे नाही. हे मुलीला आधीच माहीत असावं. मग बोलायचं कसं? मुलाखतीला जाताना स्कार्फ नेहमीसारखा असू द्यावा. नोकरी लागल्यावर पहिल्या दिवशी घालून जाणं दोघांनाही अवघड. गडद, एकरंगी, न चमकणारं कापड, एकच पिन. विषय त्यांनी काढला नाही तर शेवटी तिनेच काढावा, विनंतीच्या सुरात नको: ‘मी बाहेर स्कार्फ बांधते. उत्पादन विभागात कंपनीचा हूड घालायला माझी हरकत नाही. बदलायला बायकांची वेगळी खोली आहे ना?’ या तीन वाक्यांतून ऐकणाऱ्याला कळतं की मुलीला नियम ठाऊक आहेत. पिसुर्ल्यापासून वेर्ण्यापर्यंत औषध कंपन्यांना नियम ठाऊक असलेली माणसं लागतात.

कर्नाटकातल्या हिजाबबंदीच्या निकालाबद्दल तुम्ही विचारलंय. ५ फेब्रुवारी २०२२ चा तिथल्या सरकारचा आदेश शाळा-कॉलेजांच्या गणवेशाबद्दल होता. उच्च न्यायालयाने १५ मार्च २०२२ ला तो उचलून धरला. सर्वोच्च न्यायालयात १३ ऑक्टोबर २०२२ ला दोन न्यायमूर्तींची दोन मतं पडली आणि प्रकरण योग्य खंडपीठ नेमण्यासाठी सरन्यायाधीशांकडे गेलं. मुंबईत चेंबूरच्या एका कॉलेजने हिजाब, टोपी, बॅज यांवर बंदीचं परिपत्रक काढलं, त्यातल्या या भागाला सर्वोच्च न्यायालयाने ९ ऑगस्ट २०२४ ला स्थगिती दिली. वर्गात नकाब-बुरख्याला मात्र मोकळीक दिली नाही. पाहा, पुन्हा चेहऱ्याचीच रेघ. यातलं काहीही नोकरीबद्दल नाही. मुलीच्या कॉलेजला प्रॉस्पेक्टसमध्ये गणवेशाचा नियम काय आहे तो मात्र एकदा वाचून घ्या.

आता ज्या गोष्टीची तुम्ही काळजी केली नाहीत पण करायला हवी, ती सांगते: हेल्मेट. ती घरून वाळपईच्या बसस्टँडपर्यंत स्कूटर नेते असं तुम्ही सहज लिहून गेलात. मोटार वाहन कायद्याच्या १२९ व्या कलमात हेल्मेटमधून सूट फक्त पगडीधारी शिखांना आहे. स्कार्फ बांधला म्हणून सूट नाही, मागे बसणारीलाही नाही. आणि जाड स्कार्फावर चढवलेलं हेल्मेट डोक्यावर नुसतं ठेवलेलं असतं, बसलेलं नसतं. तीन चुका होतात. मागे उंच अंबाडा घातला की हेल्मेट पुढे झुकतं आणि मागून मान उघडी पडते. पिना आत राहिल्या तर पडल्यावर डोक्यात रुततात. आणि हनुवटीचा पट्टा कापडाच्या दोन-तीन थरांवरून आवळला की घट्ट वाटतो, पण कापड सरकलं की हेल्मेट निघून जातं. उपाय साधा आहे. गाडीवर फक्त पातळ, ताणणारी इनर कॅप, मानेपर्यंत येणारी मिळते ती. केसांची सैल वेणी मानेजवळ. त्यावर हेल्मेट. स्कार्फ पिशवीत ठेवायचा आणि गाडी लावल्यावर आरशात बघून बांधायचा. हेल्मेट घेताना दुकानात ती कॅप घालूनच जायचं, भुवयांच्या वर बोटभर टेप फिरवून माप घ्यायचं, आयएसआयची खूण बघायची. घालून मान जोरात हलवली तर गालाची कातडी हेल्मेटबरोबर हलायला हवी. हेल्मेट एकटंच हललं तर एक नंबर लहान घ्या. पट्ट्याखाली दोन बोटं जेमतेम जावीत. ओढणी घेतली असेल तर टोकं कमरेत खोचलेली. मागच्या चाकात ओढणी गुंडाळून गळा आवळला जातो, अशा अपघातांत आपल्याकडे बायका दगावल्या आहेत, आणि ओढणीला धर्म नसतो.

फोटोचं थोडक्यात. आधार, पासपोर्टच्या फोटोत धार्मिक कारणाने डोकं झाकलेलं चालतं, पण हनुवटीच्या खालच्या कडेपासून कपाळाच्या वरपर्यंत आणि चेहऱ्याच्या दोन्ही कडा स्वच्छ दिसायला हव्यात, कापडाची सावली पडता कामा नये. पांढऱ्या पडद्यासमोर पांढरा स्कार्फ घेऊन बसलात तर डोक्याची कडाच दिसत नाही आणि फोटो परत येतो. प्रवेश परीक्षांना तपासणी असते. हॉल तिकिटावरची वेशाची सूचना आदल्या दिवशी वाचावी, दिलेल्या वेळेच्या तासभर आधी पोचावं, आणि बाई कर्मचाऱ्याकडून आडोशाला तपासणी करून घ्यावी. पिना धातूच्या असतील तर त्या गेटवरच काढाव्या लागतात. त्या दिवशी बिनपिनेचाच बांधलेला बरा.

आणि आपली हवा. एप्रिल-मेच्या घामात आणि जून ते सप्टेंबरच्या ओलीत स्कार्फाखाली डोक्याला खाज, कोंडा, बुरशी येते, ती बहुतेक वेळा ओल्या केसांवर बांधल्यामुळे. केस पूर्ण वाळवूनच बांधावेत. इनर कॅप रोज धुवावी. पावसात वाळत नाही म्हणून चार-पाच असाव्यात. सुती किंवा मोडालचा, साधारण ७० सेंटिमीटर रुंद आणि १८० लांब स्कार्फ पुरतो. कपाळावरचे केस मागे करकचून ओढून बांधले तर तिथले विरळ होत जातात, तेव्हा कॅप कपाळावर वळ उठवत असेल तर ती लहान आहे. अंग झाकलेलं असलं की ऊन कमी लागतं, तेव्हा अंग, पाठ सारखी दुखत असेल तर डॉक्टरांना ड जीवनसत्त्वाची तपासणी विचारा. मैत्रिणीने सांगितलं म्हणून साठ हजार युनिटच्या गोळ्या मनानेच सुरू करू नका. फार्मसीची विद्यार्थिनी आहे, तीच तुम्हाला हे सांगेल!

स्टाफरूमचं काय? ‘तुमच्याकडेही सुरू झालं वाटतं’ याला उत्तर देताना तुम्ही आजवर मुलीची बाजू सावरली, नाहीतर तिला नावं ठेवली. दोन्ही वेळा घरी येताना तोंड कडू झालं. कारण तुम्हाला साऱ्या समाजाच्या वतीने उत्तर द्यायला लावलं जातंय. ते तुमचं काम नाही. ‘तिने ठरवलंय, अभ्यास उत्तम चाललाय, सातव्या सेमिस्टरला चांगले मार्क पडले,’ एवढं सांगून वह्या तपासायला घ्या. पुन्हा विचारलं तर तेच वाक्य, तसंच. तिसऱ्यांदा कोणी विचारत नाही. ज्या बाईंशी तुमची खरी मैत्री आहे, चवथीला ज्यांच्याकडून नेवऱ्यांचा (करंज्यांचा) डबा येतो, त्यांच्याशी मात्र मोकळेपणी बोला. तुम्हालाही हे पटलेलं नाही, हे एका जागी तरी सांगता यायला हवं. तुम्हाला ते न पटण्याचा हक्क आहे. तुम्ही साडी नेसता, डोकं झाकत नाही, आणि मुलीने कधी तुमच्या कपाटाला कुलूप लावलेलं नाही.

हे पत्र वाचणाऱ्या काही जणींची अडचण नेमकी उलटी असेल: तुम्हाला नकोय आणि घरचे लावतायत. त्यांना वेगळा सल्ला. वाद जिंकायच्या आधी पायाखालची जमीन बघा: शिक्षण पुरं होऊ द्या, बँकेचं खातं स्वतःच्या नावाचं, कागदपत्रं स्वतःच्या ताब्यात. घरातल्या एका तरी माणसाला विश्वासात घ्या. बहुधा मामा किंवा मोठी बहीण कामाला येते. एकदम सगळं सोडण्यापेक्षा नकाबावरून स्कार्फवर, असा टप्पा काहींना सोपा जातो. मार, कोंडून ठेवणं, कॉलेज बंद करायची धमकी, इथवर गेलं असेल तर तो कपड्याचा प्रश्न राहत नाही. २००५ च्या घरगुती हिंसाचार कायद्यात मानसिक छळही येतो, आणि तो वडील-भावांविरुद्धही लागू होतो. १८१ हा महिलांसाठीचा मदत क्रमांक, जीवाला धोका असेल तर ११२.

राहिलं स्थळ. इथे तुमच्या दोन्ही दारांची खरी परीक्षा आहे, आणि इथे आई म्हणून तुम्ही ठाम उभं राहायला हवं. मुलीने स्कार्फ निवडला म्हणजे नकाबही निवडला असं नाही. ‘ती घालतेच की’ असं म्हणून सासरचे ते गृहीत धरतील, आणि तुम्ही रागात असलात तर ‘तुलाच हवं होतं ना’ म्हणून मोकळ्या व्हाल. तसं करू नका. आधी मुलीला एकटीला विचारा: नकाब तुला चालेल का, आवडेल का, की नको? तिचं उत्तर ‘नको’ असेल तर ते पाहुण्यांसमोर मांडणं तुमच्या नवऱ्याचं काम. आठ महिने गप्प राहिलेत, आता बोलू देत. चेहऱ्याबद्दल उलेमांतच मतभेद आहेत, हे वर सांगितलेलं इथे कामाला येईल.

प्रश्न मोघम नकोत. ‘तुमच्याकडे फार कडक नाही ना?’ याला ‘छे छे’ हेच उत्तर मिळतं. असं विचारा: लग्नानंतर ती औषध कंपनीत शिफ्टला जाईल, चालेल? नातेवाइकांच्या लग्नात ती चेहरा उघडा ठेवून वावरेल, चालेल? पाच वर्षांनी तिला स्कार्फ नको वाटला तर? शेवटचा प्रश्न मुलीनेच मुलाला विचारावा, तुम्ही आणि मुलाची आई समोर बसलेल्या असताना, आणि उत्तरापेक्षा उत्तर देताना तो कोणाकडे बघतो ते बघा. आईकडे बघून बोलणारा मुलगा वाईटच असं नाही, पण मग बोलणी आईशी करायची हे कळतं. लग्नाआधीचा करार आपल्या गोव्यात असतो तो मालमत्तेचा. ‘सून अमुक घालणार नाही’ असलं काही त्याच्यात लिहून पुढे उपयोग नाही. म्हणून जे काही ठरायचं ते तोंडी, चार माणसांत, आणि लग्न इथे नोंदवणार असाल तर सिव्हिल रजिस्ट्रारकडे पहिली सही व्हायच्या आधी (इथे लग्नाची नोंदणी दोन सह्यांत होते). पहिल्या आणि दुसऱ्या सहीच्या मधे काही दिवस मिळतात खरे, पण तोवर हॉल बुक झालेला असतो, आणि बुक झालेल्या हॉलसमोर कोणाची मुलगी ‘नको’ म्हणत नाही.